सुई टोचल्यावर थांबायचं नसतं

काचेची नळी दिव्यावर धरताना तिचं तोंड माणसाकडं करू नये, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावणं हा माझा जुनाच गुण. समोरचा काय बोलतोय ते कळायच्या आत माझी मान डोलून मोकळी झालेली असते.

त्या सकाळी मी सोप्यात बसलो, नळीत ते निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब सोडले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. रंग निळा राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, विटेसारखा झाला तर पुष्कळ. मी आपला रंगाकडं टक लावून बसलो आणि नळीच्या तोंडाकडं बघायचं राहिलं. आतलं सगळं एकदम उसळलं आणि नेमके त्याच वेळी लिंगपूजा आटोपून बाहेर आलेल्या माझ्या थोरल्या बंधूंच्या, अण्णांच्या, अंगावर उडालं. कपाळावर भस्माचे ओले पट्टे, कमरेला मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, रेशमी धोतर आणि उघड्या छातीवर विटकरी ठिपके.

"हे काय रं?" अण्णांनी बोटानं एक ठिपका पुसत विचारलं.

"औषध."

"मग वास असा का?"

खोटं बोलायलासुद्धा थोडी तयारी लागते. ती नव्हती, म्हणून मी खरं सांगून टाकलं.

अण्णांनी पुन्हा आंघोळ केली, पुन्हा पूजा मांडली. आमच्या घरात अण्णा पाटावर बसल्याशिवाय कुणी घास घेत नसे. त्यामुळं सगळं घर दुपार कलेपर्यंत उपाशी बसलं, आणि माझी बायको चुलीपाशी भाकऱ्यांवर फडकं टाकून माझ्याकडं अशी बघत होती की ती नळी माझ्याच डोक्यात फुटावी असं मला वाटलं.

पण घोटाळा तिथं संपला नाही. लघवीची चौकशी संपल्यावर अण्णा औषधाच्या चौकशीला लागले. सुई कसली? बाटलीत काय असतं? विलायतेहून येतं म्हणजे कशापासून करतात? डॉक्टरांनी मला जे सांगितलं होतं तेच मी सांगितलं, की बैलासारख्या जनावराच्या पोटात एक ग्रंथी असते, तिच्यातून काढतात.

आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. आमच्या स्वयंपाकघरात कधी अंड्याचं टरफल आलं नाही. अण्णांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. मग म्हणाले, "आन् ती बाटली ठेवतोस कुटं?"

सोलापूरचा उन्हाळा बाटलीला सोसत नाही, म्हणून मी ती डब्यात घालून, डबा दोरीला बांधून, घरातल्या आडात सोडून ठेवत होतो. त्याच आडाचं पाणी अण्णा लिंगावर घालत होते.

त्या दिवसापासून हुकूम झाला. बाटली आडात नाही, घरात नाही. टोचायचं तर गोठ्यात जाऊन टोचायचं. मी मान डोलावली.

मग मी रोज सकाळ-संध्याकाळ गोठ्यात, बैलाशेजारी बसून, मांडीत सुई खुपसायला लागलो. सुई कसली, दाभणच. बायको ती उकळायची, बोथट झाली की बारीक दगडावर परजून द्यायची. बैल माझ्याकडं मान वळवून बघायचा. मी त्याला मनातल्या मनात हात जोडायचो. त्याच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी विलायतेत माझ्यासाठी पोट फाडून घेतलं होतं आणि माझे स्वतःचे भाऊबंद मला त्याच्या शेजारी बसवून मोकळे झाले होते.

बाटली कुठं गेली, हे मी बायकोला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सुईच्या वेळेला ती पदराखालून बाटली काढायची, तिला ओली वाळू चिकटलेली असायची. पाण्याच्या माठाखाली गारव्यासाठी आम्ही वाळू घालतो. मी काय ते समजलो.

"अण्णांना कळलं तर?" एवढंच मी एकदा म्हणालो.

"वाळू काय बोलत न्हाई," ती म्हणाली.

आता रोगाविषयी सांगतो, कारण लोकांना वाटतं हा श्रीमंताचा रोग. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं, त्याला एक दिवस माझी तहान द्यावी. आमचं सुताचं दुकान, विणकरांना सूत घालायचं. माझं पोट आमच्या पेठेत प्रसिद्ध होतं; दुकानात आधी ते शिरायचं, मागून मी. चाळिशी आली आणि वर्षाच्या आत ते पोट गेलं, धोतर कमरेवर राहीना, तांब्यावर तांब्या पाणी पिऊनही जीभ चामड्यासारखी. न्हाणीत मी जाऊन आलो की मागं मुंग्यांची रांग लागायची. श्रीमंती ही अशी.

आणि सल्ला! दुकानात येणारा प्रत्येक जण वैद्य. जांभळाच्या बिया वाटून घ्या. कारल्याचा रस घ्या. पाय कारल्याच्या लगद्यात बुडवून बसा. एकानं सांगितलं, "सुई घेऊ नका, सुईची सवय लागते." मी म्हणालो, "भाकरीचीसुद्धा लागलीय." तो हसला. मी विनोद केला नव्हता. मला मनापासून त्याच्या तोंडावर सुताचं बाचकं फेकून मारावंसं वाटलं होतं.

डॉक्टरांवरही माझा राग आहे, आणि तो त्यांना कधी कळला नाही, कारण त्यांच्यापुढं मी मान डोलावत होतो. ते शिकाऊ पोरांना बोलावून माझं धोतर वर करून मांडी दाखवायचे आणि म्हणायचे, "तुम्ही नशीबवान आहात. दहा-बारा वर्षांपूर्वी हा रोग झाला असता तर?"

मला माहीत होतं काय झालं असतं. माझा मामेभाऊ याच रोगानं गेला. मिसरूड फुटत होतं त्याला. तेव्हा ही सुई निघालेली नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरांचा उपाय एकच, उपास. खाल्लं की साखर वाढते, म्हणून खायचं नाही. पातळ ताक आणि उकडलेला पाला. तो भाकरी मागायचा. आम्ही सगळे धडधाकट लोक त्याच्या अंथरुणाभोवती बसून त्याला भाकरी नाकारायचो, आणि मग उठून आत जाऊन जेवायचो. तो मेला तेव्हा त्याच्या उशीखाली कडक झालेला भाकरीचा तुकडा सापडला. कुणी दिला होता देव जाणे. तुकडा तसाच होता. खायचं बळ राहिलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच वर्षांत ही बाटली आली. म्हणून मला कुणी नशीबवान म्हटलं की माझं डोकं फिरतं. कुणावर रागवायचं ते कळत नाही, म्हणून मी सगळ्यांवर रागावतो. ते सोपं पडतं.

या सगळ्यात माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. दुधनीचे लोक, भुसाराचे व्यापारी, आमच्यातलेच. मुलगा बरा होता. मुलीनं त्याला एकदा दाराच्या फटीतून बघितलं होतं आणि त्यानंतर चार दिवस ती उगीचच भांडी घासत गात होती, त्यावरून आम्ही काय ते ओळखलं. साखरपुडा आमच्या घरी ठरला.

आदल्या दिवशी अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ, रोगाचं नाव काडायचं न्हाई. बापाला हाय म्हणजे पोरीला हुईल म्हणतात लोकं. सुईचं तर न्हाईच न्हाई. सकाळी पावणं यायच्या आदी गोठ्यात उरकून घे. अय्या अक्कलकोटाहून सकाळच्या गाडीनं येणार, त्यांचं झालं की लगीच पंगत."

आमच्यात शुभकार्याला जंगम लागतो. त्यांना आम्ही अय्या म्हणतो. त्यांचे पाय धुवायचे, त्यांच्या हातून साखरेचा पुडा मुलीच्या ओटीत घालायचा, ते जेवायला बसायचे आणि मग बाकीच्यांनी. अय्यांच्या आधी यजमानानं तोंड उष्टं केलं तर कार्य बाटलं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की सुई टोचली की जेवणाला थांबायचं नाही. औषध अंगातली साखर खायला लागतं. वरून भाकरी आली नाही तर ते माणसालाच खातं. म्हणून मी खिशात नेहमी खडीसाखर ठेवत होतो. त्या दिवशीही ठेवली होती, पण ती होती कोटाच्या खिशात आणि कोट होता खुंटीवर. मुलीचा बाप म्हणून मी मडीचं रेशमी धोतर नेसून उपरणं घेऊन बसलो होतो. रेशमी धोतराला खिसा नसतो. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

सकाळी गोठ्यात सुई घेतली. पाहुणे आले. पाणी झालं, पान झालं. अय्या आले नाहीत. गाडी वाटेत कुठंतरी अडकली होती. पाटावर, मुलाकडच्यांनी आणलेला साखरेचा पुडा निमुळता, सोनेरी कागदाचा, नारळाशेजारी उभा होता. मी त्याच्यासमोर बसलो होतो.

थोड्या वेळानं माझ्या पाठीवरून घाम वाहायला लागला. हात थरथरायला लागले. मी उठून आत गेलो. बायकोनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि भाकरी मोडून तुकडा माझ्या हातावर ठेवला. पण आत विहीणबाई बसल्या होत्या. वहिनी होत्या. आणि दारात अण्णा.

"पोरीचा बाप अय्यांच्या आदी जेवनार?" अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "पावण्यांसमोर? जरा थांबायला काय हुतंय? आमी श्रावणात सोमवार धरतोच की."

बायको म्हणाली, "अण्णा, त्येंनी सुई..."

"हळू बोल!"

आणि मी? मी मान डोलावली. भाकरीचा तुकडा परत दुरडीत ठेवला आणि बाहेर जाऊन बसलो. मामेभावाला आम्ही भाकरी नाकारली तेव्हा निदान तो मागत तरी होता. मी स्वतःच्या हातानं परत ठेवली. त्या मानेचा मला आजही राग येतो. मोडून ठेवावीशी वाटते.

पुढचं मला आठवत नाही. ऐकलेलं सांगतो. मी म्हणे व्याह्यांना म्हणालो की तुमचं पागोटं दोन दोन का दिसतंय, एक काढून ठेवा. मग कानडीत, लहान पोरासारखं, आईला हाका मारल्या. मग मुलाच्या काकांना "ऊठ, ते पान माझं हाय" म्हणून दंडाला धरून ओढलं. तिथं पान नव्हतंच. आणि मग पाटावरच कलंडलो.

सगळे नुसते बघत राहिले. अय्या नसताना पाण्याचा थेंब द्यावा की नाही, याचा विचार चालला असावा. माझी बायको आतून आली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी आली नव्हती. तिनं इकडं तिकडं बघितलं, आणि समोरचा साखरेचा पुडा उचलून पाटाच्या कडेवर आपटला. सोनेरी कागद फाटला. मूठभर साखर घेऊन तिनं माझ्या गालाच्या आत कोंबली, वर तांब्यातलं पाणी बोटानं सोडलं. विहीण ओरडली, "अगं बाई, शकुनाचा पुडा!" बायकोनं दुसरी मूठ घेतली.

साखर पोचली की माणूस चमत्कारासारखा परत येतो. आधी आवाज येतात, मग माणसं. मला पहिल्यांदा ऐकू आला तो अण्णांचा आवाज. ते व्याह्यांना हसत हसत सांगत होते, "काय न्हाई हो. आमच्या धाकट्याला भांगेची जरा आवड हाय. कार्याच्या आनंदात जास्त झाली आसंल."

आणि व्याही हसले. खरंच हसले, सुटल्यासारखे. "आसं व्हय! आमचे चुलतेबी घेतात की. शंकराचाच परसाद त्यो."

सगळं निभावलं होतं. मी नुसतं पडून राहायचं होतं. साखर दुसरी आणता आली असती, अय्या आले असते, मुलीची ओटी भरली असती. भांगेबाजाच्या मुलीला कुणाची ना नव्हती. मला फक्त मान डोलवायची होती.

मी उठून बसलो. दाढीवरून साखरेचा पाक गळत होता.

"भांग न्हवं," मी म्हणालो. "आयुष्यात घेतली न्हाई. मला मधुमेह हाय. सुई घेतो मी. सकाळी गोठ्यात, बैलाशेजारी बसून घेतली, कारण ह्या घरात मला ती घ्यायची बंदी हाय. सुई घेऊन जेवलं न्हाई की मानूस मरतो, आन् मला जेवू दिलं न्हाई."

"गप बस," अण्णा म्हणाले. "अजून उतरली न्हाई त्याची."

मी बायकोला म्हणालो, "बाटली आण गं."

तिनं साखरेचा हात पदराला पुसला. मग आत गेली, माठ कलता केला आणि त्याच्या खालच्या वाळूतून बाटली उपसून घेऊन आली. सगळ्यांनी ते उघड्या दारातून बघितलं. त्याच माठाचं पाणी सगळ्या पाहुण्यांनी सकाळपासून प्यालं होतं. अण्णांनीसुद्धा, कित्येक महिने.

व्याह्यांनी बाटली हातात घेतली नाही, लांबूनच विचारलं, "कशापास्नं करत्यात?"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, चांगलं खुलवून सांगितलं. आतड्यापासून ग्रंथीपर्यंत. राग आला की माझी वाणी प्रासादिक होते.

विहीणबाई उठल्या. त्यांनी पाटावरचा नारळ आणि मुलीसाठी आणलेली साडी पिशवीत भरली. पुडा तसाच ठेवला. व्याही चपला घालता घालता फार नम्रपणानं म्हणाले, "कळवतो." नम्र माणसांचा मला तेव्हापासून धसका आहे. कळवायला अजून यायचे आहेत.

टांगा वळला आणि दुसरा टांगा दारात थांबला. अय्या उतरले, थकलेले, धुळीनं माखलेले. अण्णांनी धावत जाऊन पाय धुतले आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं, की तुमच्यासाठी घर उपाशी बसलं आणि त्यातून हे असं झालं.

अय्या माझ्याकडं बघत म्हणाले, "माजी वाट बगायला कुनी सांगितलं हुतं? रोग्याला जेवू घालायचं की. मी तर अक्कलकोटाच्या स्टेशनात चुरमुरे खाल्ले, भूक दम धरंना म्हणून."

चुरमुरे! मी हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते मला कळेना. ज्यांच्या नावानं माझा जीव चालला होता, ते फलाटावर बसून चुरमुरे खात होते, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. ज्याची चूक होती तो माझा भाऊ मान खाली घालून त्यांचे पाय पुसत होता. आणि खरं बघायला गेलं तर त्यालाही घराचं नाव राखायचं होतं, मुलीसारखी असलेली पुतणी उजवायची होती. हे मला समजतं. समजल्यामुळं राग कमी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मोठा भाऊ नसावा.

मुलगी बाहेर आली. तिनं नवं लुगडं बदललेलं होतं. हातात केरसुणी. सांडलेली साखर तिनं गोळा केली, सोनेरी कागद घडी घालून उचलला. माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, "अप्पा, पाय जरा वर घ्या, मुंग्या लागतील." एवढंच. तिचं पुढं बार्शीकडं चांगल्या घरी झालं, रोगाचं सगळं आधी सांगून झालं. पण त्या दिवशी तिला ते माहीत नव्हतं, आणि ती माझ्या पायाखालची साखर झाडत होती. तिला शिव्या देता आल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी सुई घेतली. गोठ्यात नाही, स्वयंपाकघरात, चुलीसमोर. अण्णा दारावरून जाताना थांबले, आणि पुढं गेले. बायकोनं बाटली पुन्हा वाळूत पुरली, आता उघडउघड, आणि माझं ताट वाढलं. भाकरी, शेंगाची चटणी, भाजी. दुपारची हुग्गी, गव्हाची गोड खीर, ज्याला चालत होती त्यानं खाल्ली होती.

मी घास घेतला नाही. मनात टोचत होतं. म्हणालो, "पुडा फोडताना तुझा हात कसा धजला गं? पोरीचं लग्न होतं त्यात."

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. वळलीसुद्धा नाही.

"पोरीला दुसरा नवरा बगता येतो," ती म्हणाली. "मला ह्या वयात कोन दाखवायला नेतंय? आन् साखर तरी कुटं चांगली हुती, सगळी ओलसर. जेवा आता. सुई टोचल्यावर थांबायचं नसतं, का तेबी मीच सांगू?"